खुब्याच्या सांधेबदलानंतर टेंडन सोडवण्याचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिप रिप्लेसमेंट व्यवस्थित झालं, एक्स-रे चांगला आला, पण जांघेतली कळ जाईना. शेवटी इलिओसोआस नावाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सोडवायचं, म्हणजे कापून मोकळा करायचं ठरलं. अशा पेशंटांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून फिजिओथेरपीच्या टेबलावर आणि व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा, कारण टेंडन कुठे आणि किती कापला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

१. या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? सांधा पुन्हा बदलतात का?

नाही, सांधा बदलत नाहीत. कमरेच्या मणक्यांपासून निघणारा सोआस आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने येणारा इलिअॅकस हे दोन स्नायू खाली एकत्र येतात. त्यांचा टेंडन खुब्याच्या सांध्याच्या अगदी समोरून उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला असलेल्या छोट्या उंचवट्याला चिकटतो. पाय पोटाकडे उचलण्याचं मुख्य काम याचं. कृत्रिम सांध्याच्या वाटीची (कमरेच्या हाडात बसवलेला भाग, ज्यात मांडीच्या बाजूचा बॉल फिरतो) कड त्याला घासत असेल, तर टेंडनचा ताणलेला पांढरा दोर कापून मोकळा करतात. कापलेली टोकं थोडी मागे सरकतात आणि घासणं थांबतं. स्नायूचा मांसल भाग शक्यतो तसाच ठेवतात.

२. सांधा नवीन, मग टेंडन का घासायला लागला? पहिल्या ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे वाटीची पुढची कड हाडाच्या बाहेर डोकावणं. वाटी आकाराने थोडी मोठी बसली, किंवा तिचं तोंड जितकं पुढे झुकायला हवं तितकं झुकलं नाही, की असं होतं. कधी वाटी बसवताना लावलेला स्क्रू पुढे निघालेला असतो, कधी सिमेंट बाहेर आलेलं असतं. काहींचा पाय सांधेबदलात थोडा लांब झालेला असतो आणि त्यामुळे टेंडनवर ताण येतो. मोठ्या आकाराचा बॉलही कारण ठरू शकतो.

चूक कोणाची, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. काही जणांचं हाडच उथळ किंवा वेडंवाकडं असतं आणि वाटी पक्की बसावी म्हणून सर्जनना थोडी मोठी घ्यावी लागते. काही वेळा वाटी खरोखरच बरीच बाहेर असते. फरक सीटी स्कॅनवर मिलिमीटरमध्ये दिसतो, म्हणून भांडण्याआधी स्कॅन करून घ्यावा. पुढचा उपाय कोणता हेही त्यावरच ठरतं (प्रश्न ४ पाहा).

३. जांघ दुखते म्हणजे टेंडनच, हे कशावरून ठरवतात?

दुखण्याच्या तऱ्हेवरून पहिला अंदाज येतो. सपाट रस्त्यावर चालताना फारसं दुखत नाही, पण गाडीत पाय उचलून ठेवताना, जिना चढताना, पलंगावरून उठताना किंवा पँट घालताना जांघेत चटका बसतो. अनेकदा सांधेबदलानंतर काही महिने बरे जातात आणि मग हे सुरू होतं.

तेवढ्यावर ऑपरेशन ठरवत नाहीत. कृत्रिम सांध्याभोवती जंतुसंसर्ग नाही ना, यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करतात, गरज पडली तर सांध्यातलं पाणीही तपासतात. सांधा ढिला झालाय का, हाडाला चीर आहे का, हर्निया किंवा कमरेच्या मणक्याचं दुखणं जांघेत येतंय का, हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. शेवटी सोनोग्राफीत बघून टेंडनच्या आवरणात बधिर करणारं औषध टाकतात. त्यानंतर लगेच पाय उचलताना दुखणं थांबलं, तर निदान बऱ्यापैकी पक्कं. ही इंजेक्शनची चाचणी न करता थेट ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर का केली नाही असं सर्जनना जरूर विचारा. तो उद्धटपणा नाही.

४. इंजेक्शनने बरं वाटलं होतं. मग ऑपरेशन कशाला? आणि वाटी बदलायला कधी सांगतात?

इंजेक्शनमध्ये बधिर करणाऱ्या औषधाबरोबर बहुधा स्टेरॉइडही असतं. सूज उतरते, काही जणांना कायमचा आराम पडतो. पण कड घासतच असेल तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुखणं परत येतं. इंजेक्शन, गोळ्या आणि फिजिओथेरपी यांना पुरेसा वेळ देऊनही फरक पडला नाही, तरच टेंडन सोडवण्याचा विचार होतो. स्टेरॉइडनंतर लगेच ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून बरेच सर्जन मध्ये साधारण तीन महिने जाऊ देतात. तारीख लांबली म्हणून चिडू नका.

वाटी साधारण ८ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर असेल, तर टेंडन सोडवल्याने बहुतेकांचं भागतं. त्याहून जास्त असेल तर नुसता टेंडन कापून आराम पडण्याची शक्यता बरीच कमी होते आणि वाटीच बदलण्याचा पर्याय समोर येतो. तो आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नाही. वाटी बदलणं हे कितीतरी मोठं ऑपरेशन आहे, म्हणून वय, हाडांची ताकद आणि हृदयाची तब्येत पाहून काही सर्जन आधी छोटा उपाय करून बघतात.

५. दुर्बिणीतून चांगलं की उघडून? टेंडन वर कापतात की खाली?

हल्ली बरीच ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात: दोन-तीन छोटी छिद्रं, कमी रक्तस्राव, एखाद्या दिवसात घरी. उघडून करायचं तर छोटा छेद पुरतो. वेदना कमी होण्याच्या दृष्टीने दोन्हींचे निकाल चांगले आहेत.

कुठे कापला, हे मात्र तुमच्या रिकव्हरीसाठी जास्त कामाचं. सांध्याच्या पातळीवर टेंडनबरोबर मांसल भाग भरपूर असतो, त्यामुळे तिथे फक्त पांढरा दोर कापला तरी स्नायूचा मोठा हिस्सा जोडलेला राहतो. खाली, मांडीच्या हाडाजवळ कापला तर कृत्रिम सांध्याच्या आत शिरावं लागत नाही, पण तिथे टेंडनचा वाटा जास्त असल्याने सुरुवातीची कमजोरी थोडी अधिक जाणवू शकते. डिस्चार्ज कार्डवर हे लिहिलेलं आहे का बघा आणि नसेल तर लिहून घ्या. फिजिओथेरपिस्टला त्याची गरज पडते.

६. "नस कापली" म्हणतात. पाय कायमचा लुळा तर नाही ना पडणार?

नाही. कापतात ती रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही, त्यामुळे पायातली संवेदना आणि रक्तपुरवठा तसाच राहतो. पाय उचलायला आणखी स्नायू मदत करतात: मांडीच्या समोरचा रेक्टस फिमोरिस, मांडीवरून तिरका जाणारा सार्टोरियस, बाहेरच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटा. शिवाय कापलेल्या जागी काही महिन्यांत जखमेच्या ऊतींचा नवा दुवा तयार होतो, फक्त तो पूर्वीपेक्षा लांब आणि सैल असतो.

थोडी कमजोरी मात्र राहू शकते, विशेषतः खुर्चीत बसून गुडघा छातीकडे उचलताना, कारण त्या उंचीवर इलिओसोआसला तोड नाही. रोजच्या चालण्यात बहुतेकांना ती जाणवत नाही. डोंगर चढणारे, नाचणारे किंवा मैदानी खेळ खेळणारे यांना जाणवू शकते आणि त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्यावं.

७. ताई, आज चौथा दिवस आहे. बाबा झोपलेले असताना पाय उचलायचा प्रयत्न करतात, पण टाच गादीवरून सुटतच नाही. काही बिघडलं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. काही बिघडलेलं नाही. पाय उचलणारा मुख्य दोर मुद्दाम सोडवलेला आहे, त्यामुळे पहिले काही आठवडे पाय जड, परका, आपलं न ऐकणारा वाटणं हे ठरलेलंच आहे. गंमत अशी की जुनी जांघेतली कळ पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात गेलेली असते. मग पेशंटला वाटतं, दुखत नाही म्हणजे ताकदही आली पाहिजे. दुखणं लवकर जातं, ताकद सावकाश येते, आणि मधल्या काळात माणूस अधीर होतो.

नुकसान होतं ते वारंवार तपासून बघण्याने. दिवसातून दहा वेळा "आज उचलतोय का बघू" म्हणून सरळ पाय वर उचलायचा प्रयत्न केला, तर मदतीला आलेल्या बाकीच्या स्नायूंवर एकदम भार पडतो आणि मांडीच्या समोर नवीनच दुखणं सुरू होतं. मग "ऑपरेशन फसलं" असा समज होतो.

अडचण अशी की पहिल्या सांधेबदलानंतर हॉस्पिटलने दिलेला व्यायामाचा कागद घरी जपून ठेवलेला असतो आणि त्यावर सरळ पाय उचलण्याचा व्यायाम बहुतेक असतोच. तेव्हा तो योग्य होता. आता पहिले चार ते सहा आठवडे तोच टाळायचा आहे. तो कागद सरळ फाइलमध्ये ठेवून द्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर केलेले व्यायामही नकोत.

चालताना गुडघा आपोआप वाकून पाय पुढे पडतोय, टाच आधी टेकतेय, हे दिसत असेल तर काम नीट चाललंय. खुर्चीत बसून पाऊल जमिनीपासून बोटभर उचलता येणं हा पुढचा टप्पा, आणि तो बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास गाठता येतो. एकदम कधीही न दिसलेली कमजोरी, म्हणजे गुडघाच मोडल्यासारखा दुमडणं, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी प्रश्न १६ लगेच वाचा.

८. मग व्यायाम करायचे तरी कोणते, आणि कधी?

पहिले दोन आठवडे: पावलं वर-खाली करणं (दर तासाला, रक्त गोठू नये म्हणून), मांडीचा समोरचा स्नायू आणि नितंब जागच्या जागी आवळून सोडणं, आणि घरातल्या घरात थोडं थोडं चालणं. टाच गादीवर घसरवत गुडघा वाकवायचा तर दुसऱ्या कोणीतरी किंवा टॉवेलने आधार द्यावा, स्वतःच्या जोरावर ओढू नये.

दोन ते सहा आठवडे: उताणं झोपून नितंब उचलणं, कुशीवर झोपून गुडघे उघडणं, ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला नेणं. स्थिर सायकल मिळाली तर उत्तम: सीट उंच, ब्रेक पूर्ण सैल, पाच-दहा मिनिटं. जखम पूर्ण भरल्यावर पाण्यात चालणं फार सोयीचं पडतं. जांघेच्या समोरच्या भागाला हलका ताण देण्यासाठी पालथं झोपणं उपयोगी असतं, पण ते सर्जनना विचारूनच. ज्यांचा सांधा समोरून छेद घेऊन बदलला आहे किंवा ज्यांची वाटी जास्त पुढे झुकलेली आहे, त्यांच्यात पाय मागे ताणल्याने बॉल पुढच्या बाजूला निसटण्याचा धोका असतो. इलिओसोआस समोरून आधार देत होता आणि तो आधार तुम्ही नुकताच कमी केलाय.

सहा आठवड्यांनंतर: बसून गुडघा हळूहळू उचलणं, उभं राहून छोट्या पायरीवर पाऊल ठेवणं, मग रबरी पट्ट्याचा किंचित विरोध. त्यानंतरचा वेग माणसागणिक फार बदलतो. तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांची रोजची कामं सुरळीत होतात आणि ताकद त्यापुढेही कित्येक महिने वाढत राहते.

व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून निम्म्यावर या.

९. वॉकर किती दिवस? पायावर पूर्ण वजन टाकू का?

हाड कापलेलं नसल्याने बहुतेक वेळा सोसेल तेवढं वजन पहिल्या दिवसापासून टाकायला परवानगी असते. वॉकर किंवा कुबड्या एक ते तीन आठवडे लागतात, नंतर काठी, आणि काठी दुसऱ्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या हातात. लंगडत का होईना पण काठीशिवाय चालून दाखवण्यात काही पराक्रम नाही. लंगडण्याची सवय लागली की ती मोडायला जास्त वेळ जातो.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. कठडा धरायचाच.

१०. घरात काय बदल करावेत?

पडणं टाळणं हेच मुख्य. पाय नीट उचलला जात नाही, म्हणून पावलाचं टोक उंबरठ्याला, पायपुसण्याला किंवा मोबाइलच्या चार्जरच्या वायरीला अडकतं. पायपुसणी, सैल सतरंज्या आणि वायरी महिनाभर उचलून ठेवा. उंबरठा काढता येत नाही. त्याला रंगीत चिकटपट्टी लावा म्हणजे रात्री दिसतो. जुन्या वाड्यातल्या किंवा गावच्या घरातल्या उंच उंबरठ्याजवळ भिंतीला धरायला एक दांडी ठोकून घेतली तर फार उपयोग होतो.

पलंगावर चढताना आधी कडेला मागपर्यंत बसायचं, मग उपरणं किंवा ओढणी पावलाखाली अडकवून हाताने पाय वर घ्यायचा. साधी युक्ती आहे, पण पहिल्या पंधरवड्यात हिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पँट किंवा सलवार बसून घालावी, ऑपरेशनचा पाय आधी. कमोड नसेल तर संडासावर ठेवायची खुर्ची आणा. भारतीय पद्धतीच्या संडासात बसायची मुभा सांधेबदलानंतर होती की नव्हती, तोच नियम पुढेही चालू राहतो.

११. अंघोळ कधी? टाके कधी काढतात?

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी. पाणी न शिरणारं ड्रेसिंग असेल तर खुर्चीवर बसून अंघोळ आधीही चालते. जखमेवर हळद, तेल, गावठी लेप काहीही नको. खाली कृत्रिम सांधा आहे आणि तिथपर्यंत जंतू पोचले तर प्रकरण फार लांबतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. तंबाखू आणि मिश्रीने जखम भरायला वेळ लागतो.

१२. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवली की बरं वाटतं. चालेल ना?

पहिले काही दिवस चालेल. पण रात्रंदिवस उशी ठेवली तर खुबा वाकलेल्याच अवस्थेत आखडतो आणि सोडवलेला टेंडन आखूड जागी चिकटायला बघतो. दिवसातून दोन-तीन वेळा उशी काढून पंधरा-वीस मिनिटं सपाट झोपा. आरामखुर्चीत सलग टीव्ही बघत बसण्याचा परिणामही तसाच होतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं.

१३. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणि "हाड वाढू नये" म्हणून दिलेल्या गोळ्या, दोन्ही खायच्या का?

पहिल्या गोळ्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, ठरलेल्या मुदतीसाठी असतात. दुसऱ्या सहसा इंडोमेथॅसिन किंवा नॅप्रोक्सेनसारख्या असतात. खुब्याभोवतीच्या ऑपरेशननंतर कधी कधी मऊ भागात नको तिथे हाड तयार होतं, ते टाळण्यासाठी काही सर्जन त्या दोन-तीन आठवडे देतात. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, हृदयविकार किंवा आधीपासून चालू असलेली रक्त पातळ करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर या दुसऱ्या गोळ्या त्रासदायक ठरू शकतात. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची यादी सर्जनना दाखवलेली नसेल तर आजच दाखवा; मनाने काही बंद करू नका आणि मेडिकलमधून वेगळी पेनकिलर आणून भर घालू नका.

१४. रिक्षा, कार, स्कूटर: कशात कधी बसू?

रिक्षात लगेच बसता येतं. पाठ सीटकडे करून आधी बूड टेकवा, मग पाय हाताने उचलून आत घ्या. कारमध्येही तसंच: सीट पूर्ण मागे, आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली की वळायला सोपं जातं. एसटीची पहिली पायरी उंच असते, ती महिना-दीड महिना टाळलेली बरी. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी तर नकोच.

स्वतः चालवायचं असेल तर उजव्या खुब्याच्या पेशंटने चार ते सहा आठवडे थांबावं, कारण पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेणं हे नेमकं याच स्नायूचं काम. डाव्या बाजूचं ऑपरेशन आणि गिअर नसलेली कार असेल तर लवकर परवानगी मिळू शकते. क्लच असेल तर नाही. बंद गाडीत बसून अचानक ब्रेक दाबायचा सराव करा, जमत नसेल तर थांबा. बिनगिअरच्या स्कूटरवर पाय वरून टाकावा लागत नाही, म्हणून ती मोटरसायकलच्या आधी. पण सिग्नलला गाडी तोलायला दोन्ही पाय भक्कम हवेत.

१५. कामावर कधी जाऊ? शेतावर? आणि सूर्यनमस्कार, मांडी घालून पूजा?

बैठं काम दोन-तीन आठवड्यांत, मध्ये उठत राहण्याच्या अटीवर. दिवसभर उभं राहायचं असेल तर सहा आठवडे धरा.

शेतकऱ्यांना थोडं जास्त थांबावं लागतं, आणि ते वजन उचलण्यामुळेच नाही. बांध ओलांडणं, सरीतून पाय काढत चालणं, चिखलात रुतलेलं पाऊल वर ओढणं, ट्रॅक्टरवर चढणं, या सगळ्यांत खुबा वर उचलावा लागतो. तीन महिन्यांपर्यंत वाफ्यात उतरू नये, असं मी सांगते. पेरणी किंवा काढणीच्या तोंडावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं.

योगासनांमध्ये उत्तानपादासन आणि नौकासन म्हणजे प्रश्न ७ मधला सरळ पाय उचलण्याचा व्यायामच, फक्त आणखी अवघड. तीन महिने ती नकोत. सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनासनात मागचा पाय खूप ताणला जातो. त्याबद्दलची भीती प्रश्न ८ मध्ये दिली आहे. मांडी घालणं, पाटावर बसणं, साष्टांग नमस्कार यांची परवानगी मुळात सांधेबदलाच्या पद्धतीवर अवलंबून असते. टेंडन सोडवल्याने ती नव्याने मिळत नाही. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला चालते.

पती-पत्नीच्या संबंधांबद्दलही विचारणा होते, बहुधा निघता निघता, दाराशी. जखम भरल्यावर, चार ते सहा आठवड्यांनी, ऑपरेशनच्या पायावर जोर न येईल अशा स्थितीत हरकत नाही. पाय खूप मागे किंवा बाहेर वळणार नाही एवढं बघा.

१६. कोणत्या लक्षणांवर थेट हॉस्पिटल गाठायचं?

- जांघेत किंवा पोटाच्या खालच्या बाजूला वाढत जाणारं दुखणं, पाय सरळ करता न येणं, गुडघा अचानक दुमडणं, मांडीच्या समोर बधिरपणा. स्नायूत रक्त साचून मज्जातंतूवर दाब आल्याचं हे लक्षण असू शकतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. सकाळची वाट बघू नका.
- पोटरी सुजून दुखणं; दम लागणं किंवा छातीत दुखणं.
- थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली.
- खुब्यात "खट्" होऊन असह्य कळ, पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, उभं राहता न येणं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या भागात बधिर वाटत असेल आणि ताकद ठीक असेल, तर त्वचेचा मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. ते बहुधा हळूहळू सुधारतं. पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल.

१७. तीन महिने झाले, तरी दुखतंच आहे. ऑपरेशन फुकट गेलं का?

आधी दुखणं जुनंच आहे की नवीन, हे ठरवा. मांडीच्या समोर, थोडं खाली, व्यायामानंतर वाढणारं दुखणं असेल तर बहुधा मदतनीस स्नायू दमलेत. व्यायाम कमी करून ते उतरतं. जांघेत खोल, पूर्वीसारखीच कळ असेल तर पुढच्या शक्यता उरतात: वाटी खूपच बाहेर आहे (प्रश्न ४), टेंडन पूर्ण सुटलेला नाही (काहींमध्ये तो दुहेरी असतो आणि एक पदर राहून जातो), जखमेच्या ऊतींनी पुन्हा ओढून धरलंय, नको तिथे हाड तयार झालंय, किंवा मूळ निदानच दुसरं होतं.

यातली शेवटची शक्यता लोकांना ऐकायला आवडत नाही, पण ती तपासलीच पाहिजे. इंजेक्शनच्या चाचणीत आराम पडला नव्हता आणि तरीही टेंडन कापला गेला असेल, तर कमरेचा मणका आणि जंतुसंसर्ग यांच्या तपासण्या पुन्हा कराव्यात. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला हरकत नाही. जाताना सांधेबदलाआधीचे, नंतरचे आणि आत्ताचे असे सगळे एक्स-रे न्या.

१८. मुलाकडे अमेरिकेला जायचं तिकीट आधीच काढलंय. जाऊ का?

लांबचा विमानप्रवास पहिले सहा आठवडे तरी पुढे ढकला आणि नंतरही सर्जनना विचारूनच जा, कारण तासन्‌तास बसून राहण्याने गुठळीचा धोका वाढतो. कडेची सीट घ्या, पावलं हलवत राहा, भरपूर पाणी प्या. विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. धातुशोधक यंत्र वाजलं तर कृत्रिम सांध्यामुळे वाजलंय असं सांगायचं. टेंडन सोडवल्याने त्यात फरक पडत नाही.

१९. मेडिक्लेममध्ये बसतं का?

ॲडमिट होऊन केलेलं ऑपरेशन म्हणून बहुधा बसतं, पण पूर्वमंजुरी घेताना "सांधेबदलानंतरची जांघेतली वेदना" एवढंच न लिहिता निदान, झालेले उपचार आणि सीटीचा अहवाल जोडायला सांगा. अनेक पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्चही मिळतो, त्यात फिजिओथेरपी धरतात का ते तपासा आणि प्रत्येक सेशनची पावती ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांचीच यादी असते. हे ऑपरेशन त्यात कोणत्या नावाखाली बसेल, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

२०. दुसरा खुबाही बदलायचा आहे. तिथेही हेच होणार का?

होईलच असं नाही. पहिल्या बाजूला कारण वाटीच्या जागेत किंवा आकारात असेल, तर दुसऱ्या बाजूला ते टाळता येतं. हाडाची ठेवणच तशी असेल तर सर्जन आधीच सीटीवर मोजमाप घेऊ शकतात. त्यासाठी पहिल्या सांधेबदलाची ऑपरेशनची नोंद, वाटीचा आकार लिहिलेलं इम्प्लांटचं स्टिकर आणि टेंडनच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. स्टिकर सापडत नसेल तर जिथे सांधा बदलला त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. पहिल्या पायाची ताकद पुरेशी आल्याशिवाय दुसऱ्या बाजूची तारीख घेऊ नका, कारण त्या ऑपरेशननंतर सगळा भार याच पायावर येणार आहे. खुर्चीत बसून पाऊल उचलता येणं आणि काठीशिवाय न लंगडता जिना चढता येणं, एवढं जमलं की सर्जनशी तारखेचं बोला.